अडून बसलेली गाडी

हातातलं काम थांबवू नका, कान तेवढे इकडे ठेवा. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही बोलणार आहोत मोटारसायकलला किक मारण्याबद्दल. एका किकेत चालू होणाऱ्या नव्या गाडीची ही गोष्ट नाही. सकाळी अडून बसणाऱ्या, वीस किका खाऊनही हूं की चूं न करणाऱ्या जुन्या गाडीची आहे.

बायकांच्या कार्यक्रमात हे कशाला, असं कुणी विचारेल. तर बघा, दारात गाडी असते, टाकीत पेट्रोल असतं, रस्ता असतो, जायची निकडही असते. आणि बाई उंबऱ्यात उभी राहून बघत असते, कुणी पोरगा येतोय का. आला की म्हणते, "बाळा, तेवढी किक मारून दे रे." पोरगा कधी देतो, कधी "आलोच काकू" म्हणून निघून जातो. त्या दिवशीचा तिचा बाजार, दवाखाना, बँक, सगळं त्या एका किकेवर अडून राहतं.

आमचा अकराजणींचा बचत गट आहे. माणदेशातलं आमचं गाव, पाऊस कमी, त्यामुळे शेतापेक्षा दावणीवर जास्त भिस्त. प्रत्येकीच्या घरी एखादी म्हैस नाहीतर गाय. सकाळचं दूध आम्ही एकत्र करतो आणि सात किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर घालतो. तिथला काटा आठ वाजता बंद होतो. उशिरा आलेलं दूध कुणी घेत नाही. आणि चैत्र-वैशाखात ते किटलीत ठेवलं तर दुपारपर्यंत टिकत नाही. एकीचं नासलं असं होत नाही, अकराही घरांचं नासतं. त्यात कुणाचा कर्जाचा हप्ता असतो, कुणाच्या पोरीची शाळेची फी असते.

आमच्यातल्या एकीचे मालक कामाला मुंबईला असतात. त्यांची शंभर सीसीची जुनी गाडी घरी ताडपत्रीखाली उभी होती. तिनं ती गटाला वापरायला दिली. आमच्यात दोघींना गाडी चालवता येत होती. पण चालवायची म्हणजे आधी चालू व्हायला हवी ना! आठवड्यातून तीन सकाळी ती अडून बसायची. जवळच्या गॅरेजवाल्यानं न उघडताच सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल." त्यानं सांगितलेला आकडा आमच्या गटाच्या दोन महिन्यांच्या बचतीएवढा होता. घरातले म्हणाले, भंगारात घाला. पारावर बसलेले म्हणाले, गाडीत काही दोष नाही, बाईच्या पायात तेवढा जोर नसतो.

गटाच्या बैठकीत ठरलं, एक महिना थांबायचं. महिनाभर गाडी समजून घ्यायची आणि मग विकायची की ठेवायची ते बघायचं. एका मैत्रिणीचा भाऊ तालुक्याला गाड्या दुरुस्त करतो. तो दोन रविवार येऊन बसला आणि आम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी थोडं मागचं. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना आली. तिला सायकलसारखे पायडल होते. पायडल मारलं की चालू, मग गाव कितीही आत असो. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, ती बटणावर चालू व्हायची. बायकांनी या गाड्या बिनघोर चालवल्या. पण खेड्यात वजन ओढायला, कच्च्या रस्त्यावर चालायला आणि थोड्या पेट्रोलमध्ये लांब जायला गिअरच्या गाड्या जास्त आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि तिच्या मागोमाग शंभर सीसीच्या कितीतरी. त्यातल्या बहुतेक किकेवर चालू होणाऱ्या. तेव्हापासून गावात जणू ठरूनच गेलं की जिला किक मारता येत नाही तिला गाडी येत नाही. आणि किक ही गड्याची गोष्ट. ही दुसरी समजूत आम्हाला आज मोडायची आहे.

आता गाडीच्या पोटात काय चालतं ते बघू. तुम्ही सगळ्या चूल पेटवता. चूल पेटायला काय लागतं? वाळलेलं जळण, हवा आणि काडी. जळण ओलं असलं तर नुसता धूर होतो. चूल गच्च भरली, हवेला वाट ठेवली नाही, तरी धूर होतो. काडीच सादळलेली असली तर कितीही फुंकणी मारा, काही होत नाही. गाडीचंही तसंच आहे. जळण म्हणजे पेट्रोल, हवा ती हवाच, आणि काडी म्हणजे प्लगची ठिणगी. गॅरेजवाले तिला 'करंट' म्हणतात. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटर नावाच्या भागात होतं. ते इंजिनात ओढलं जातं, पिस्टन वर येऊन ते दाबतो, आणि ते दाबलेलं असताना प्लग ठिणगी टाकतो. गाडी चालू झाली की हे सगळं आपोआप होत राहतं. पहिल्या वेळी मात्र पिस्टन आपल्याला हलवावा लागतो. किकेचं काम तेवढंच.

म्हणजे जळण, हवा, काडी यांतलं एक जरी जागेवर नसेल, तर पैलवानानं शंभर किका मारल्या तरी गाडी चालू होणार नाही. आणि तिन्ही जागेवर असतील, तर सातवीतली पोरगीही ती चालू करू शकेल.

किक मारायची रीत आता सांगतो. गाडी सपाट, घट्ट जागेवर मेन स्टँडला लावा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का बघा. नुसता दिवा बघून विश्वास ठेवू नका, बॅटरी उतरली असेल तर दिवा लागतच नाही. स्टँडवर घेण्याआधी गाडी हातानं पुढे-मागे ढकलून बघा. चाक मोकळं फिरलं तर न्यूट्रल. चावी चालू करा. हँडलवर लाल बटण असेल तर तेही चालूवर आहे ना, ते बघा. कितीतरी वेळा गाडी 'बिघडलेली' असते ती एवढ्यानंच.

मग पेट्रोलचा कॉक. तो टाकीच्या खाली असतो. त्याला तीन जागा असतात: बंद, चालू आणि रिझर्व्ह. टाकीच्या आत चालूची नळी थोडी उंच असते आणि रिझर्व्हची वाट तळाशी असते. म्हणून पेट्रोल कमी झालं की चालूवर गाडी बंद पडते आणि रिझर्व्हवर पुन्हा चालते. पेट्रोल भरल्यावर कॉक परत चालूवर आणायची सवय लावा. नाहीतर पुढच्या वेळी गाडी काही न सांगता रस्त्यात उभी राहील आणि हाताशी शिल्लक काहीच नसेल.

थंडीच्या दिवसांत सकाळी पहिल्यांदा चालू करताना चोक ओढा. चोक हवेची वाट अरुंद करतो, त्यामुळे पेट्रोल जास्त जातं आणि गार इंजिन लवकर पेट घेतं. चोक लावलेला असताना एक्सलेटर पिळू नका. गाडी चालू होऊन अर्धा-एक मिनिट झालं की चोक काढा. इंजिन आधीच गरम असेल तर चोक लागतच नाही.

आता पाय. गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसा, डावा पाय डाव्या फूटरेस्टवर घट्ट ठेवा. उजव्या पायाच्या तळव्याचा मधला भाग किकेवर टेकवा. बोटांनी किक मारली तर पाय घसरतो आणि नडगी फुटते. किक आधी हळूच खाली दाबा. एका जागी ती जड लागेल. तिथे पिस्टन मिश्रण दाबू लागलेला असतो. पाय सैल करा, किक वर येऊ द्या. आता डाव्या पायावर थोडं उठा आणि अंगाचं वजन उजव्या पायावर टाकत किक एकदाच, सरळ, तळापर्यंत न्या. मध्ये थांबायचं नाही आणि किक आपटायचीही नाही. उखळात मुसळ कसं मारतो? हातानं ढकलत नाही, वजनानं सोडतो. तसंच. गुडघा थोडा वाकलेला ठेवा, ताठ ठेवू नका.

गुडघा का वाकवायचा, तेही ऐका. पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पडते. किक अर्धवट, हळू मारली तर पेटलेलं मिश्रण पिस्टनला वर जाऊ देण्याऐवजी उलट खाली ढकलतं आणि किक उसळून पायावर येते. शंभर सीसीला हा धक्का लहान असतो. जुन्या बुलेटला मोठा असतो, त्यानं भल्याभल्यांचा पाय दुखावला आहे. म्हणूनच त्या बुलेटला आतला दाब सोडायची एक छोटी खिटी दिलेली असते. किक जड लागली की ती खिटी ओढायची, पिस्टन हलकेच वरच्या जागेच्या किंचित पुढे न्यायचा, खिटी सोडायची आणि मग पूर्ण किक मारायची. विहिरीवरचं हँडलनं फिरवायचं डिझेल इंजिन आठवा. त्यालाही तशीच खिटी असते. आधी दाब सोडून चाक वेगात फिरवतात, मग खिटी पाडतात. ते इंजिन आपल्यातल्या कितीजणींनी रातपाळीच्या पाण्याला फिरवलेलं आहे! तेव्हा कुणी आपल्या पायातला जोर मोजला नाही.

आता मुख्य गोष्ट. अशा पाच-सहा नीट किका मारल्या आणि गाडी चालू झाली नाही, तर थांबा. सातवी किक रागानं मारू नका. रागाच्या किकेनं पाय दुखतो आणि पेट्रोल साचतं. थांबून एकेक गोष्ट बघा. आमचा क्रम असा आहे.

पहिली गोष्ट, वास घ्या. पेट्रोलचा भपका येतो का? येत असेल तर पेट्रोल जास्त झालंय. गॅरेजवाले म्हणतात, 'गाडी ओव्हर झाली.' अशा वेळी चावी बंद करा, कॉक बंद करा, चोक काढा. एक्सलेटर पूर्ण पिळून धरा आणि आठ-दहा किका मारा. त्यानं आतलं जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर जातं. दोन मिनिटं थांबा. मग चावी चालू करून, एक्सलेटर थोडासाच पिळून किक मारा. कितीतरी वेळा ती इथेच चालू होते.

दुसरी गोष्ट, वास अजिबात नसेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. टाकी हलवून बघा. टाकीचं झाकण उघडा. उघडताना सुस्स असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलेलं असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गळकत-अडकत येतं, दुसरं पाडलं की धार लागते, तसं हे. भोक साफ करा. तरीही नाही, तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून कॉक क्षणभर उघडा आणि एका बाटलीत धार येते का बघा. ही बाटली वेगळी ठेवा, तिच्यावर खूण करा, पाण्याच्या बाटल्यांत कधीच मिसळू देऊ नका. घरात लहान मुलं असतात.

तिसरी गोष्ट, प्लग. इंजिन गार असताना प्लगपान्यानं प्लग काढा. त्याचं टोक बघा. फिकट चहाच्या रंगाचं असेल तर इंजिनाची तब्येत बरी. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय, ते काम मेकॅनिकचं. ओलं असेल तर पेट्रोल पोहोचतंय पण पेटत नाही. प्लग कोरड्या फडक्यानं पुसा, काजळी जुन्या दातांच्या ब्रशनं काढा. टोकातली फट बहुतेक शंभर सीसी गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. मग प्लग टोपीत घाला आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. आसपास सांडलेलं पेट्रोल नसावं. हात फक्त रबरी टोपीवर ठेवा आणि दुसरीला किक मारायला सांगा. निळी ठिणगी चट् करून पडली तर प्लग बरा. पडली नाही तर नवा प्लग घाला. तो महाग नसतो, एक जादा जवळ ठेवलेला बरा. नव्यालाही ठिणगी नसेल तर दोष वायर-कॉइलचा, मग गाडी मेकॅनिककडे.

चौथी गोष्ट, हवा. सीटखाली किंवा बाजूच्या डब्यात एअर फिल्टर असतो. आपल्याकडे मळणीचा भुसा, रस्त्याचा फुफाटा, तो सगळा त्यात बसतो. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे चार थेंब लावून परत बसवा. कागदाचा असेल तर हलकेच झटका, पण धुऊ नका, तो खराब झाला की बदलायचाच.

एक इशारा. कार्बोरेटरमध्ये जेट नावाची बारीक भोकाची पितळी वस्तू असते. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची आपल्याला सवय आहे, म्हणून जेटलाही पिन मारावीशी वाटते. मारू नका. भोक जराही मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. ते हवेच्या दाबानं साफ करतात.

आता आमच्या गाडीचं काय झालं ते सांगतो. आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, त्या किक मारू शकत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी लिहीन." शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी एका वहीत चार रकाने आखले: तारीख, रात्री हवा कशी होती, कॉक रात्री बंद होता की उघडा, आणि सकाळी किती किका लागल्या. रोज पहाटे त्या येऊन विचारायच्या आणि लिहायच्या. सुरुवातीला सगळ्या हसल्या. तीन आठवड्यांनी मावशींनी वही बैठकीत पुढे केली. ज्या रात्री कॉक बंद होता, त्या सकाळी तीन-चार किका. ज्या रात्री उघडा राहिला, त्या सकाळी पंधरा, अठरा, बावीस. पाऊस-थंडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

कारण पुढच्या रविवारी कळलं. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो, पाण्याच्या टाकीतल्या फुग्यासारखा. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. आमच्या गाडीची ती सुई झिजली होती. रात्रभर पेट्रोल झिरपत राहायचं आणि सकाळी गाडी ओव्हर झालेली असायची. इंजिन उतरवायचं काहीच कारण नव्हतं. सुई बदलली. पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं म्हणून ऑइलही बदललं. त्या खर्चात पुष्कळ पैसे उरले, आणि गाडी भंगारात जायची राहिली.

म्हणून आमचं सांगणं आहे की तुमच्याकडे गाडी असेल तर तिची वही ठेवा. मेकॅनिककडे जाताना "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. सांगा, "प्लगला करंट आहे, पेट्रोल येतंय, फिल्टर धुतलाय, पण सकाळी पेट्रोलचा वास येतो." जिला एवढं सांगता येतं तिला कुणी पटकन मोठा आकडा सांगत नाही. बदललेला जुना भाग परत मागा आणि बिल घ्या. चांगला मेकॅनिक यानं रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. किक मारताना ती एकदम हलकी, पोकळ लागत असेल तर तेही सांगा. तेव्हा आत दाबच होत नसतो, व्हॉल्व्ह किंवा रिंगा बघाव्या लागतात. तिथे आपण किका मारत बसण्यात अर्थ नाही.

पावसाळ्याचं थोडं. प्लगच्या टोपीत पाणी गेलं की ठिणगी भलतीकडेच जाते. टोपी काढून आतून-बाहेरून कोरडी करा. टाकीच्या झाकणाभोवती पाणी साचू देऊ नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालू ठेवा. शिळं पेट्रोल आत डिंकासारखं चिकटून बसतं.

काहींच्या घरी नव्या गाड्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आला, त्यानंतरच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्यांना चोक नसतो. चावी फिरवल्यावर टाकीतून बारीक घूं असा आवाज येतो, तो थांबू द्या आणि एक्सलेटर न पिळता चालू करा. या गाड्यांचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली तर किक असूनही त्या सहसा चालू होत नाहीत. म्हणून जुन्या गाडीत प्लगकडे लक्ष द्या, नव्या गाडीत बॅटरीकडेही.

जिवाच्या गोष्टी आता. पेट्रोलचं काम करताना चूल, चिमणी, बिडी, उदबत्ती यांपैकी काहीही जवळ नको, उजेडाला बॅटरी घ्या. बंद खोलीत, गोठ्यात गाडी चालू ठेवू नका. तिच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, तो माणूस आणि जनावर दोघांना मारतो. सायलेन्सरजवळ लेकरं नकोत. पदर खोचून घ्या, ओढणी बांधून घ्या. मागच्या चाकाची साडी गार्ड कुणी काढली असेल तर परत लावून घ्या. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अशी जाळी असायलाच हवी, असा केंद्राच्या मोटार वाहन नियमांत नियमच आहे. दिवस राहिलेले असतील, बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय किक मारू नका. त्या दिवसांत दुसरीनं मारावी, गट त्यासाठीच असतो.

आणि परवाना काढा. गिअरच्या मोटारसायकलला १८ वर्षं पूर्ण लागतात. आधी शिकाऊ परवाना, त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. दंडाचं सोडा, अपघात झाला तर परवाना नसलेलीला विम्याच्या वेळी त्रास होतो. हेल्मेट तर हवंच, मग अंतर सात किलोमीटर असो नाहीतर एक.

आज आमच्या गटात सहाजणींना ती गाडी चालू करता येते. चौघींकडे परवाना आहे, दोघींची परीक्षा व्हायची आहे. दूध वेळेवर काट्यावर जातं. दुसरीही गोष्ट झाली, ती आम्ही ठरवली नव्हती. मागच्या महिन्यात एकीच्या सासूबाईंना मध्यरात्री दम लागला. घरात पुरुषमाणूस नव्हतं. सुनेनं कुणाचं दार ठोठावलं नाही. शेजारच्या जाऊबाईंना हाक मारली, दोघींनी सासूबाईंना मध्ये बसवलं, दोन किकांत गाडी चालू केली आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. तिघींनी बसू नये हे आम्हालाही माहीत आहे, १०८ ला फोनही केला होता, पण ती लांबच्या गावाहून यायची होती. सासूबाई बऱ्या आहेत. आता त्या सुनेला म्हणतात, "मलापण शिकव की." सुनेनं त्यांना कॉक आणि चोक शिकवलाय, किकेचं बघू म्हणाली.

तर मैत्रिणींनो, येत्या रविवारी एवढं करा. गटातल्या ज्या घरी गाडी आहे तिथे जमा. आधी गाडी बंदच ठेवा आणि कॉक, चोक, प्लग, फिल्टर या चार जागा बोटानं दाखवता येईपर्यंत एकीनं दुसरीला शिकवा. मग किक जड कुठे लागते ते प्रत्येकीनं पायानं एकदा अनुभवा. चालू करायची घाई नको. आणि एक वही आणा, चार रकाने आखा. जिच्या पायात बळ नाही तिच्या हातात पेन द्या.

तुमच्या गाडीच्या वहीत काय निघालं ते आम्हाला कळवा. नमस्कार.